तुला तेथे काय आवडते?

मूर्तिजापूर जंक्शनवरून एके काळी कापूस बाहेर जात असे. अचलपूर आणि यवतमाळ या दोन्ही दिशांनी ‘शकुंतला’ आपल्या अरुंद रुळांवरून माल घेऊन येई आणि येथून तो मुंबईकडे रवाना होई. आज शकुंतला थांबली आहे. आता या स्थानकावरून बाहेर जातात ती आपली मुले. शेगाव, बडनेरा, अमरावती, अकोला येथील महाविद्यालयांतून अभियंता होऊन ती पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत लागतात आणि दिवाळीला चार दिवस घरी येतात. आपण त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो पॅकेजचा. दुसरा बहुधा लग्नाचा असतो. ‘तुला तेथे काय आवडते आणि काय आवडत नाही?’ हा तिसरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी तो विचारला गेला, त्याला एक कारण घडले. माझ्या थोरल्या भावाची मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षांहून अधिक काळ काम करते. ती लागली तेव्हा तेथे चाळीस माणसे होती. आज साडेचारशे आहेत. तिला दुसऱ्या, कितीतरी मोठ्या कंपनीकडून सव्वापट पगाराचे पत्र आले होते आणि उत्तर देण्यास आठ दिवसांची मुदत होती. दादांना यात विचार करण्यासारखे काही दिसेना. “इतके पैसे जास्त भेटून राहिले, अन् तू विचार करून राहिली?” असे ते म्हणाले. ती म्हणाली, “पप्पा, प्रश्न पैशाचा नाही. मला इथलं काय आवडतं, तेच आता मला नीट सांगता येत नाही.”

त्या रात्री ओसरीवर घरातील अशाच कंपन्यांत काम करणारी पाच मुले जमली होती. माझे आयुष्य अडतीच्या पेढीवर गेले; संगणकातले मला काही कळत नाही. परंतु माणसे कामाला का टिकतात आणि का जातात, हा प्रश्न पेढीवरही असतोच. म्हणून मी एकेकाला विचारू लागलो.

आवडते ते काय?

आश्चर्य असे, की एकानेही पगाराचे नाव प्रथम घेतले नाही. सर्वांनी प्रथम सांगितले ते शिकण्याविषयी. मोठ्या कंपनीत नव्या मुलाला एखाद्या प्रचंड यंत्राचा एकच खिळा घट्ट करण्याचे काम मिळते. लहान, वाढत्या कंपनीत तोच मुलगा ग्राहकाशी बोलतो, आज्ञावली लिहितो, ती तपासतो, बिघडली तर रात्री उठून दुरुस्तही करतो. दोन वर्षांत तो जे शिकतो, ते इतरत्र शिकण्यास पुष्कळ अधिक काळ लागतो.

दुसरी गोष्ट जवळिकीची. पुतणी म्हणाली, “काका, पहिल्या वर्षी कंपनीचे मालक आमच्याबरोबर बसून डबा खायचे. माझी एक सूचना त्यांनी त्याच दुपारी अमलात आणली.” आपल्या हातचे काम कोठे गेले, त्याचे काय झाले, हे डोळ्यांना दिसणे हे फार मोठे समाधान आहे. तिसरी गोष्ट आशेची: कंपनी वाढेल तसे आपणही वाढू.

ही आशा निराधार नाही. पुण्यातच तिचे मोठे उदाहरण घडले. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स या तेव्हाच्या वाढत्या कंपनीत काम करणारे सात अभियंते बाहेर पडले आणि १९८१ मध्ये त्यांनी पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. भांडवल होते दहा हजार रुपये. टेलिफोनची जोडणी मिळण्यास वर्ष लागे आणि संगणक आयात करण्याच्या परवान्यासाठी दिल्लीला खेपा घालाव्या लागत, असा तो काळ होता. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. १९८९ मध्ये सातांपैकी एक संस्थापक बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी दहा लाख डॉलरला विकत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बाकीच्यांपैकी बहुतेकांचा कल विकून मोकळे होण्याकडे होता. नारायण मूर्ती यांनी उलट सहकाऱ्यांचेच भाग विकत घेण्याची तयारी दाखवली आणि सर्व जण थांबले. १९९४ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना भागभांडवलात वाटा देण्याची योजना आणली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली ती पहिली भारतीय कंपनी ठरली. मालक आणि नोकर यांच्यातील रेषा पुसट केल्याने अनेक सामान्य घरांतील मुलांचे नशीब पालटले. आज लहान कंपनीत शिरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात ही कथा कोठेतरी असते.

तथापि प्रत्येक लहान कंपनीची इन्फोसिस होत नाही, हेही मुलांना वेळीच सांगितले पाहिजे.

वाढ झाली की काय बिघडते?

आता दुसरी बाजू. पुतणी म्हणाली, “पूर्वी काम करायचो, आता कामाविषयी बोलतो.” सकाळी बैठक, दुपारी बैठक, आणि बैठकीत काय ठरले ते कळवण्यासाठी पुन्हा बैठक. हा कोणा एकाचा दोष नव्हे. त्यामागे साधे गणित आहे. आयबीएममधील एका अवाढव्य प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात ते मांडले. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या होतात दहा. दहा माणसांत त्या पंचेचाळीस होतात आणि पन्नास माणसांत एक हजार दोनशे पंचवीस! माणसे दहापट झाली, पण बोलण्याच्या वाटा शंभरपटीहून अधिक वाढल्या. म्हणूनच रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते, असा ब्रुक्स यांचा निष्कर्ष होता.

मग मधले अधिकारी नेमावे लागतात, आणि जवळीक संपते. अधिकारी नकोतच असेही करून पाहिले गेले आहे. २००२ मध्ये गूगलने अभियंत्यांवरील व्यवस्थापकांची पदेच काढून टाकली. काही महिन्यांतच ती पुन्हा आणावी लागली, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसांतील कुरबुरींपर्यंत सारे गाऱ्हाणे घेऊन लोक थेट संस्थापकाच्या दाराशी येऊ लागले. पुढे २००८ पासून त्याच कंपनीने आपल्या व्यवस्थापकांचा पद्धतशीर अभ्यास केला. चांगला व्यवस्थापक प्रथम चांगला मार्गदर्शक असतो, पदोपदी लुडबूड करीत नाही आणि हाताखालच्या माणसाच्या सुखदुःखाची विचारपूस करतो, असे त्यात आढळले. आपल्याकडे चांगल्या थोरल्या मुनीमजींचे वर्णन याहून वेगळे नसे.

भाच्याचे दुखणे वेगळे होते. चार वर्षे निष्ठेने काम केलेल्या त्याच्यापेक्षा नव्याने आलेल्या मुलाला पगार जास्त मिळाला. बाजारभावाने माणूस आणायचा तर तसे होते, हे त्याला कळत होते. पण मनाला पटत नव्हते. बढतीचे तोंडी आश्वासन देणारे साहेब दुसरीकडे निघून गेले आणि नव्या साहेबांना त्याची कल्पनाही नव्हती.

साडेनऊची बैठक

सर्वांत खोल गोष्ट मात्र पुतणीने शेवटी सांगितली. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात. अमेरिकेच्या ग्राहकाशी बोलायचे तर आपली संध्याकाळ आणि रात्र द्यावी लागते. पूर्वीच्या साहेबांना तिचा नियम ठाऊक होता. साडेपाचला ती डबा उघडी, तेव्हा तिला कोणी हाक मारीत नसे आणि रात्रीच्या बैठका आठवड्यातून दोनच ठेवलेल्या असत. पर्युषणातील सुट्टी मागावी लागत नसे. साहेबच आठवण करीत. नव्या साहेबांनी साडेपाचचीच बैठक ठेवली. ते दुष्ट नाहीत. त्यांना ठाऊक नाही, एवढेच. आणि तिने सांगितलेही नाही, कारण आजवर सांगावे लागले नव्हते.

मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. लहान कंपनीत जे आवडते ते बहुतांशी न लिहिलेले असते: ओळख, विश्वास, समजून घेणे. कंपनी वाढली की नेमके तेच हरवते. आवडीची आणि नावडीची कारणे वेगवेगळी नाहीत. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. जी कंपनी वाढताना हा अलिखित समजूतदारपणा लिखित नियमांत उतरवते, तेथे माणसे थांबतात. जी केवळ ‘आपण सारे एक कुटुंब’ म्हणत राहते, तेथून ती निघून जातात.

वाढीने सारे हिरावून घेतले असेही नव्हे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी झाले की पाळणाघराची सोय करणे कायद्याने बंधनकारक होते. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून मिळू लागली. चाळीस माणसांच्या आपुलकीपेक्षा साडेचारशेंचा नियम एखाद्या तरुण मातेला अधिक आधार देऊ शकतो.

आईवडिलांनी काय विचारावे?

पॅकेजचा आकडा विचारावा, पण तो फोडूनही पाहावा. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बहुधा धरलेली असते, कामगिरीवर अवलंबून असलेला भागही असतो. महिन्याला हातात येणारी रक्कम त्यामुळे पुष्कळच कमी असते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणतः सलग पाच वर्षांनी मिळतो. नोकरी बदलताना हे ध्यानात असावे. कंपनीचे भाग देऊ केले असतील, तर ते प्रत्यक्ष केव्हा हाती येतील आणि विकता कधी येतील, हे लेखी घ्यावे.

याहून महत्त्वाचे प्रश्न तीन. तुझ्या कामाचे मूल्यमापन कोण करते आणि कशाच्या आधारावर? गेल्या वर्षभरात तू नवे काय शिकलास? आणि अडचण सांगितली तर ऐकणारे तेथे कोणी आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर सव्वापट पगारासाठी घाई करू नये. तिन्हींची नसतील, तर पगार वाढवून मिळाला तरी मूल तेथे फार काळ सुखाने राहणार नाही.

दादांनी हे सारे निमूटपणे ऐकले. मग म्हणाले, “बाई, तू तुझ्या साहेबांले एकदा सांगून तं पाहा.” मुदतीला अजून पाच दिवस होते. तिने त्याच रात्री तीन गोष्टी लिहून पाठवल्या: संध्याकाळच्या जेवणाची वेळ, पर्युषणातील रजा आणि बढतीचे निकष. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्याच दिवशी मान्य झाल्या आणि साहेबांनी ‘हे आधी का सांगितले नाही?’ असेही विचारले. बढतीविषयी मात्र ‘पाहू’ एवढेच उत्तर आले. तिने एक वर्ष थांबण्याचे ठरवले. भाच्याने राजीनामा दिला आणि तो मोठ्या कंपनीत गेला. दोघांचेही निर्णय मला योग्य वाटतात, कारण दोघांनीही ते कारण जाणून घेतले.

पाडव्याला वहीपूजन झाल्यावर मी आमच्या मुनीमजींना पेढीवर बसवून घेतले. बावीस वर्षे ते आमच्याकडे आहेत. त्यांना विचारले, “तुम्हाला येथे काय आवडते आणि काय नाही?” ते बराच वेळ बोलेनात. मग म्हणाले, “शेठजी, तुम्ही सुट्टीले कधी नाही म्हटलं नाही. पण दर वेळी मागाची लाज वाटते. दिवस ठरवून दिले असते तं बरं झालं असतं.”

बावीस वर्षांत मी हे विचारले नव्हते. त्याच दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानामागे मी त्यांच्या वर्षाच्या रजा लिहिल्या आणि खाली सही केली.