दोन पाय, एक वीत

ठिकरी चौथ्या घरात पडते आणि रेषेच्या बोटभर अलीकडं थांबते.

"लाइनीवर हाय!"

"कुटं लाइनीवर? वाकून बघ की."

चार डोकी एकदम खाली वाकतात. तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, लाल फिती, एकीच्या नव्यानं टोचलेल्या कानात लिंबाची काडी. पंचायत बराच वेळ चालते आणि निकाल असा लागतो की ठिकरी आत आहे, पण टाकणारीचा पाय आधीच घरात आला होता, म्हणून डाव गेला. टाकणारी पाय आपटते, "रडी हायत समद्या" म्हणते आणि तरीही मुकाट रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहते.

केजमधल्या एका जिल्हा परिषद शाळेची ही मधली सुट्टी. दिवाळी होऊन गेली तरी दुपारचं ऊन चटका देतंय. मी लिंबाच्या पारावर बसले आहे. मला दाखल्याची नक्कल हवी आहे आणि ती देणारे जेवायला गेलेत. भिंतीपलीकडून अंबाजोगाईकडं जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. सातवीपर्यंत मी याच मैदानात उड्या मारल्या आहेत, पण तेव्हा ते सगळंच मुरमाचं होतं. आता अर्ध्यावर गट्टू बसवलेत.

गट्टूंवर एकही पोरगी खेळत नाही. त्यावर ठिकरी टप्पा घेते, घसरत कुठल्या कुठं जाते. मुरमावर जिथं पडते तिथंच बसते. एका पायावर उतरलं की गट्टूवरून टाचेत कळ येते, ती वेगळीच. व्हरांड्याच्या फरशीवर ऑइलपेंटनं काढलेला तयार पटही आहे, पिवळ्या रेघा, निळे आकडे. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या घरात एक कुत्रं झोपलंय. मला पोरींचं पटतं. रंगवलेल्या पटात घरं सगळ्यांना सारखी. काडीनं ओढलेल्या पटात बारकीसाठी दुसरी रेघ वीतभर अलीकडं घेता येते आणि जी फार जिंकते तिच्यासाठी सहावं घर हळूच लांबवता येतं. निम्मा खेळ तर रेघा ओढतानाच्या भांडणातच असतो.

ठिकरी म्हणजे शहाबादी फरशीचा तुकडा, दगडावर घासून कडा गोल केलेला. मालकीण तो कंपासपेटीत ठेवते, शेजारी खोडरबर. आमच्या वेळी फुटक्या घागरीचं खापर असायचं. आता घागरी प्लॅस्टिकच्या आणि गावात चहूकडं बांधकामं, तेव्हा सामान तिकडून येतं. खेळाला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक चित्र फिरतं. मातीत आखलेला पट, फ्रॉकमधली मुलगी, खाली ओळ अशी की मोबाइलनं हे सगळं संपवलं. लगेच रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. पुण्यात, संभाजीनगरात बसलेली ही मंडळी. इथं माझ्यापुढं लंगडी घालत चाललेल्या पोरीच्या चपला बाजूला काढून ठेवल्यात, ओठ दातांखाली धरलाय, आणि पाचव्या घरात वाकून ठिकरी उचलताना तिचा वर धरलेला पाय थरथरतोय. संपलेलं तर काहीच दिसत नाही.

पण काहीतरी कमी आहे, आणि ते दोरीपाशी कळतं. दोरी म्हणजे बैलाचा जुना कासरा. एक टोक हापशाच्या दांड्याला बांधलंय, दुसरं एक उंच पोरगी फिरवते आहे. हापसा काही मनगट वळवत नाही, त्यामुळे कासरा मध्येच मरतो आणि उडी मारणारीच्या पोटऱ्यांवर बसतो.

"दोघी का नाही फिरवत गं?"

"भिडूच न्हाईत, मावशी. दोघी फिरवाया लागल्या तर उड्या कोण मारणार? गेल्या समद्या कारखान्याला."

कारखान्याला म्हणजे ऊस तोडायला. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी निघतात. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी आणि वर पोरं. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. तिकडं पाचटाच्या कोपीत संसार, तो कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत. ज्यांना घरी म्हातारं माणूस आहे ती पोरं मागं राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, आणि पाळण्यातलं भावंड सांभाळायला लागणारी मोठी पोरगी बहुधा ट्रॉलीत असते. बीड जिल्ह्यात हे इतक्या वर्षांचं झालंय की पोरींनी खेळाचे नियमसुद्धा त्याप्रमाणं ठरवलेत. दिवाळीआधी दोरीला दोन माणसं, दिवाळीनंतर एक माणूस आणि हापसा.

"आमच्यातली एक लई भारी उडती," दोरीवाली सांगते. "ती बी गेली. आता तिकडं मोळीवरून उड्या मारती म्हणं. फोन लावलता तवा सांगत होती."

"उसाच्या मोळीवरून?"

"आडवी ठिवलेल्या. उभीवरून कोण मारंल!" ती मला खुळ्यात काढते.

पोरांचा घोळका टाकीच्या बाजूला आहे. तोटी गळून तिथं डबकं झालंय आणि ते पळत येऊन त्यावरून उडी घेतात. जो पलीकडं कोरड्यात पडतो तो ओरडतो, "साबळे!" अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. तीन हजार मीटर स्टीपलचेजमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाणी ओलांडावं लागतं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ते ८ मिनिटं ११.२० सेकंदांत केलं आणि रौप्यपदक घेतलं. डबक्यापाशी मात्र सात वेळांवर कुणी थांबत नाही. पँटी गुडघ्यापर्यंत भिजल्यात.

पोरींचीही एक आहे. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे. ती वाढली पुण्याकडं, घर मूळचं केज तालुक्यातलं. मी नाव काढते तर तिघी एकदम म्हणतात, "आमच्या तालुक्याची हाय ती!" जणू मी ते नाकारलंय. खो-खो शिकवणारा कुठलाही मास्तर आधी लंगडी घालायला लावतो. तोल, दम आणि एका पायावरून झटक्यात वळणं लंगडीत तयार होतं. लंगडीचे आता रीतसर सामनेही होतात, बारा-बारा भिडू, नऊ-नऊ मिनिटांचे डाव. इथं आज बारा भिडू जमवायचे तर दोन वर्ग एकत्र करावे लागतील.

खिचडीचं पातेलं घासून झाल्यावर स्वयंपाकाच्या बाई पाराजवळ येऊन टेकतात. याच शाळेत माझ्या एक वर्ग पुढं होत्या. ओळख पटते ती भूकंपावरून. केजमध्ये आमच्या वयाच्या माणसाची ओळख शेवटी तिथंच जाऊन पटते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले, आणि किल्लारीनं सगळा मराठवाडा हलवला. केजमध्ये आमची घरं उभी राहिली, माणसं मात्र पुढं कितीतरी रात्री अंगणात झोपली. धक्के येतच होते.

"आठवतं का, उड्या बंद केल्या होत्या?" त्या विचारतात.

आठवतं तर. माळवदावर कुणाचं पाऊल जोरात वाजलं तरी आज्या बाहेर धावायच्या. शाळेत आम्ही दोरी घेतली की शेजारच्या घरातून कुणीतरी येऊन ओरडायचं, धपधप करू नका गं, जिवाचं पाणी होतंय. गुरुजींनी उड्यांचे सगळे खेळ थांबवले. मग आम्ही बसून गजगे खेळलो. महिनाभरानं असेल, आम्ही मैदानाच्या पार टोकाला, बोरीच्या झुडपांमागं, अनवाणी पायांनी, चवड्यांवर उतरत दोरी खेळायला लागलो. आवाज न करता उडी मारायची. ती कला मला अजून येते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खालच्यांना त्रास नको एवढाच तिचा उपयोग उरलाय.

"तुम्ही नंतर कधी खेळलात?" मी विचारते.

"कुटं? सातवीला परकर घातला अन् आजी म्हनली, आता बास. नववीत लगीन." त्या पदरानं हात पुसतात. "बारा वर्सं कारखाना केला. आता पिशवी काढल्यापासून वाकलं तरी वढ बसती, उडी कुटली."

त्या हे रडत सांगत नाहीत. पिशवी काढली हे वाक्य इथं दात काढला म्हणावं तसं बोललं जातं. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत कामाचा खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे. लग्नाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांतल्या सुमारे ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आमच्या ग्रुपवर हरवलेल्या खेळांसाठी जे रडतात त्यांत बहुतेक पुरुष आहेत. बाईंचा खेळ मोबाइल यायच्या कितीतरी आधी परकरानं थांबवला होता.

"मावशी, बसता का?" मघाचीच दोरीवाली समोर उभी आहे.

"कुठं बसू?"

बसायचं म्हणजे अडथळा व्हायचं. दोघींनी समोरासमोर पाय पसरायचे, तळवा उभा धरायचा, त्या पावलाच्या बोटांवर दुसरीनं टाच ठेवायची, त्यावर विती रचायच्या, आणि बाकीच्यांनी वरून उडी मारायची. आधी एक पाय, मग दोन पाय, मग दोन पाय एक वीत. अडथळ्याला बसायलाही आज भिडू नाही, म्हणून मी.

लगेच दुसरी हरकत घेते. "ह्यांचा पाय केवढाय बघ! त्यो दीड पाय धरावा लागंल."

माझी चप्पल काढून पाऊल मोजलं जातं. पंचायत पुन्हा बसते. ठरतं असं की मावशीचा पाय खाली, मातीत टाच थोडी रुतवून, म्हणजे उंची जमेल. ठिकरीनं खळगा खणला जातो. मी साडी सावरून मुरमावर बसते, समोर लिंबाच्या काडीवाली बसते, तिची टाच माझ्या अंगठ्यावर येते. हाडं टोचतात. वर तिची वीत.

पहिली येते, अडखळते, आधीच थांबते. "टाइमप्लीज!" दुसरी स्वच्छ उडून जाते, धुरळा माझ्या तोंडात. तिसरी बारकी आहे, लिंबूटिंबू, तिनं कशीही मारली तरी चालते. ती अडथळ्याला वळसा घालून पळत जाते आणि उडी मारल्याचा आनंद करते. चौथी दोरीवाली. ती लांबून येते, हापशापासून. खालून बघताना मला फक्त तळवे दिसतात, धुळीनं पांढरे, आणि पंजाबी ड्रेसचा घेर वाऱ्यानं फुगलेला. घेराची कड वितीला चाटून जाते.

"लागला! लागला!"

"पाय न्हाई लागला! मावशी, तुमी सांगा. खरं सांगा."

सगळ्या माझ्याकडं बघतात. "पाय नाही लागला," मी म्हणते. "कापड लागलं."

"मंग आऊट!" पारावरून बाई ओरडतात, हातातलं फडकं हलवत. "कापड लागलं की आऊट. आमच्यात तसंच व्हतं."

खरं आहे, तसंच होतं. त्यामुळं फ्रॉकवाल्या टिकायच्या आणि परकरवाल्या पहिल्याच वितीला बाद व्हायच्या. दोनचारदा बाद झाल्यावर त्या यायच्याच बंद व्हायच्या.

"आता न्हाई धरत कापड," दोरीवाली कमरेवर हात ठेवते.

"कुनी ठरिवलं?"

"आमीच. ती कारखान्याला गेलेली हाय ना, तिनं ठरिवलं. तिचा ड्रेस ताईचा व्हता, ढगळा. दरवेळी लागायचा."

बाई काहीतरी बोलणार असतात, पण घंटा होते. व्हरांड्यातून सर हाका मारायला लागतात. दोरीवाली तिकडं पाठ करून माझ्यासमोरच्या पोरीला दटावते, "उटू नगं. दोन वीत कर. मावशी, तुमी बी हालू नका." आणि ड्रेसचा घेर सलवारीत खोचून ती पुन्हा हापशाकडं पळते.