काजवे, टेंगूळ आणि चिपाड : व्यंगचित्रपटांतील अतिशयोक्तीचा शारीर आधार

व्यवहारात ज्यांस ‘कार्टून’ म्हणतात त्या चलत् व्यंगचित्रांतील मार सर्वस्वी कल्पित असतो, असा सर्वसाधारण समज आहे. डोक्यावर हातोडा बसताच तारे फिरू लागतात; टेंगूळ वीतभर वर येते; यंत्रात सापडलेले मांजर कागदासारखे चपटे होते; कड्यावरून धावत सुटलेला प्राणी क्षणभर अधांतरी उभा राहतो. परंतु या चित्रांशेजारी मराठीतील काही वाक्प्रचार ठेवून पाहिले असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, पायाखालची जमीन सरकणे, अंगाचे चिपाड होणे, हे प्रयोग मराठीस व्यंगचित्रपटांनी दिलेले नाहीत. भाषा आणि चित्र या दोहोंनी एकाच प्रकारच्या अनुभवांवर स्वतंत्रपणे अतिशयोक्तीची उभारणी केली आहे. त्या अनुभवांतील काय राखले आणि काय टाकले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. प्रथम काजवे. डोळ्याचा पडदा अथवा मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्र यांस धक्का बसला, तर प्रकाश नसतानाही प्रकाशाचा भास होतो. दृष्टीच्या मज्जातंतूस कोणत्याही प्रकारे चेतना मिळाली तरी तिचा अर्थ प्रकाश असाच लागतो, हे तत्त्व योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. तेव्हा काजवे हे वर्णन आहे, अलंकार नव्हे. चित्रकाराने एवढेच केले की, जे केवळ मार खाणाऱ्यास दिसते ते बाहेर काढून सर्वांस दाखविले. ते तारे डोक्याभोवती फिरतात, यासही आधार आहे. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी रचना बिघडली की जग फिरत असल्याचा भास होतो. मराठीतील ‘भोवळ’ हा शब्द ‘भोवरा’ या शब्दाचा सगोत्र आहे, तो यामुळेच. टेंगळाचेही तसेच. टाळूच्या त्वचेस रक्तपुरवठा विपुल आणि खाली लगेच कठीण हाड. म्हणून साकळणारे रक्त आत न पसरता बाहेर उचलले जाते. मिनिटांचे काम चित्रात निमिषात होते, इतकाच फरक.

२. अधांतरी थांबण्याचा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. चक जोन्स यांनी १९४९ साली पडद्यावर आणलेला कोल्ह्यासारखा कायोट कड्यापलीकडे धावत जातो आणि खाली पाहिल्यावरच पडतो. वास्तविक आधार सुटताच पतन सुरू होते; मात्र पहिल्या दशांश सेकंदात ते अवघे ५ सेंटिमीटर असते, तर पूर्ण सेकंदात सुमारे ४.९ मीटर. आरंभीची ही मंदता डोळ्यास थांबल्यासारखी भासते. वैशेषिक दर्शनातही बाणाच्या गतीचे विवेचन असेच आहे : वेग हा संस्कार संपला म्हणजे गुरुत्वामुळे पतन होते. १९८० नंतर अमेरिकेत मायकेल मॅक्‌क्लोस्की व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांत भौतिकी शिकलेले काही विद्यार्थीही अशाच कल्पना बाळगताना आढळले. परंतु पतनास ‘जाणीव’ कारण व्हावी, हे तत्त्व भौतिकीचे नव्हे. ते भाषेचे आहे. पायाखालची जमीन वाईट बातमी कळल्यावर सरकते, घटना घडते तेव्हा नव्हे. मम्मटाने कार्यकारणांच्या क्रमाचा विपर्यास हा अतिशयोक्तीचा एक प्रकार मानला आहे, त्याचे येथे स्मरण होते.

३. मांजर आणि उंदीर यांची निवडही निराधार नाही. आकार दहापट लहान झाला तर पृष्ठभाग शंभरपट, पण वजन हजारपट घटते. म्हणून पडताना लहान प्राण्यास हवेचा विरोध तुलनेने फार होतो. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली दाखवून दिले की, खोल खाणीत पडलेला उंदीर वाचतो, माणूस वाचत नाही. न्यूयॉर्क येथे इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे नव्वद टक्के जगली. मात्र ही उपचारासाठी आणलेली मांजरे होती, आणि त्यांतील अनेकांच्या छातीस व जबड्यास इजा झाली होती.

४. चपटेपणाचा विचार करण्यास पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी बुद्रुक हे स्थान सोयीचे आहे. हे गाव २०२१ साली महापालिकेत समाविष्ट झाले. १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी ऊससंशोधनाची संस्था तेथेच आहे. ऊस चरकातून चपटा होऊन निघतो, कारण त्यातील रस निघून जातो. मागे उरते ते चिपाड. आजाराने वा कष्टाने झिजलेल्या माणसास मराठी बोलणारा ‘चिपाड’ म्हणतो, आणि ‘पिळवणूक’ हा शब्द तर अर्थशास्त्रातही रूढ झाला आहे. या प्रयोगांत गेलेल्या रसाची आठवण कायम आहे. व्यंगचित्रातील मांजर मात्र रस न गमावता चपटे होते, आणि पुढच्याच चित्रात फुगून पूर्ववत् होते. शरीर पिळले गेले, पण त्यातून काहीच वाहिले नाही. म्हणूनच प्रेक्षक हसू शकतो.

५. यावरून असे म्हणता येईल की, व्यंगचित्रकार इजा कल्पनेने निर्माण करीत नाही. तो इजेचा आरंभ खरा ठेवतो आणि परिणाम पुसून टाकतो. वाक्प्रचार काही वेळा परिणामही जपतो, चिपाडाप्रमाणे. काही वेळा तोही विसरतो, काजव्यांप्रमाणे. या विस्मरणास व्यवहारात किंमत आहे. डोक्यास मार बसलेला मनुष्य काही तास ठीक दिसून नंतर कवटीतील रक्तस्रावाने बेशुद्ध होऊ शकतो, हे वैद्यकास सुपरिचित आहे. अशा वेळी ‘नुसते काजवे चमकले’ या वाक्यातील ‘नुसते’ हा शब्द घातक ठरतो.

मांजरीसारख्या ठिकाणी उसाच्या शेतीत वाढलेली पिढी आणि नव्या वसाहतींतील मुले शेजारी राहतात. इजेविषयीचे वाक्प्रचार दोघांकडूनही संकलित केल्यास, प्रत्येक प्रयोगात शरीराचा अनुभव कितपत शिल्लक आहे आणि पडद्यावरील चित्र कितपत शिरले आहे, हे तपासता येईल. कोशात केवळ ‘अतिशयोक्त प्रयोग’ अशी नोंद करून हे काम पुरे होत नाही.