जहाजावरचं आर्केड आणि मुलांच्या हातातलं कार्ड

मोठ्या क्रूझवर जेवण, पोहण्याचे तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम तिकिटातच येतात. आर्केडचे खेळ मात्र बहुधा येत नाहीत, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. रॉयल कॅरिबियनचं ‘सीपास’ किंवा कार्निव्हलचं ‘सेल अँड साइन’ कार्ड म्हणजे खोलीची किल्लीही आणि पाकीटही. मूल ते यंत्राला लावतं, खेळ सुरू होतो, रक्कम थेट तुमच्या खात्यावर चढते. हातातून नाणी जात नाहीत, त्यामुळे लहानांना खर्च जाणवतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन मुलाच्या कार्डाला मर्यादा घालून घ्या. हवं तर त्यावरची खरेदी पूर्ण बंदही करता येते.

आत गाड्यांच्या शर्यती, नेमबाजी, एअर हॉकी असं ओळखीचंच असतं. पंजानं खेळणी उचलायच्या यंत्रांपासून मी मुलांना लांबच ठेवेन: डाव क्षणात संपतो, हाती बहुधा काही लागत नाही.

आर्केडमध्ये मुलांना सांभाळायला कोणी नेमलेलं नसतं. लहान मुलाला सोडून जायचं असेल तर किड्स क्लब बरा. तिथे प्रशिक्षित माणसं असतात, आणि या दोन्ही कंपन्यांच्या जहाजांवर दिवसा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.