पाण्याच्या पंचांगाप्रमाणे

दिवाळीचा फराळ संपत आला की मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी हटकून बाहेर निघतात: डब्याच्या तळाचा चिवडा आणि पुढच्या सहलीचा बेत. महाबळेश्वर झाले, माथेरान झाले. यंदा आमच्या चिरंजीवांनी हिमालयात तंबू ठोकून नदीत मासे धरण्याचा हट्ट घेतला. ‘गळ घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. या वेळी तो घरातच सप्रयोग पाहिला. शेवटी चौकशीला लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. असली सहल आपल्या रजेच्या हिशेबाने आखता येत नाही. ती पाण्याच्या पंचांगाप्रमाणेच आखावी लागते.

आम्ही निवडले ते हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीचे खोरे. रेल्वेने चंदीगड, तिथून मंडीमार्गे औट, औटजवळ मनालीचा रस्ता सोडायचा आणि लारजी, बंजारवरून गुशैणी गाठायची. या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. तो मूळचा इथला नव्हे. इंग्रजांनी १९००च्या सुमारास त्याची अंडी आणून तो काश्मीरच्या नद्यांत रुजवला आणि १९०९ मध्ये कुलूकडे आणला. बटाट्या-मिरचीप्रमाणे हाही परका पाहुणा घरचा होऊन बसला. मात्र याचे चोचले फार. त्याला थंड, स्वच्छ, खळाळते पाणी लागते. ते वीस अंशांच्या वर तापले की तो कासावीस होतो.

पहिला बेत दिवाळीच्या सुटीचाच होता. चिरंजीव यंदा दहावीला. अभ्यासाच्या घाण्याला जुंपण्यापूर्वी चार दिवस मोकळे मिळावेत, असे त्यांचे म्हणणे. पण आमची सुटी नोव्हेंबरात, आणि तिथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरण्यास बंदी. थंडीत मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते व त्यात अंडी घालते. आपण नुसते पात्रात हिंडलो तरी ती पायाखाली चिरडतात.

“एक मासा धरल्याने नदी काय ओस पडणार आहे?” चिरंजीवांनी विचारले.

उत्तर आमच्या आईने दिले. तिचे माहेर मालवणचे. ती म्हणाली, “अरे, नारळी पौर्णिमेआधी होड्या समुद्रात लोटत नाहीत, ते काय कोळ्यांना माशांचा वीट येतो म्हणून?”

बेत मे महिन्यावर गेला.

मे ठरला तरी पंचांग संपत नाही. दिवसाच्या उन्हाने वरचे बर्फ वितळते आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी ज्या दगडावर बसून चहा प्यावा, तो रात्री पाण्याखाली गेलेला असू शकतो. वर डोंगरात पाऊस कोसळला तर आपल्या डोक्यावर चांदणे असतानाही लोंढा येतो. आणि धरणाखालचे पात्र तर कितीही कोरडे दिसले तरी त्याचा भरवसा धरू नये. ८ जून २०१४ रोजी लारजीच्या धरणातून पाणी सोडले गेले आणि खाली थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. ती मुले सहलीलाच आली होती.

हे मी जेवताना सांगितले, तेव्हा सौ.चा वाढता हात थांबला. “मग जायलाच हवं का?” तिने विचारले. प्रश्न रास्त होता. तिचे समाधान होईपर्यंत तिकिटे काढायची नाहीत, असे ठरले आणि वहीच्या पानावर कलमे लिहिली गेली. तंबू वाळूत किंवा पात्रात ठोकायचा नाही. काठच्या झाडाझुडपांत अडकलेला काटक्यांचा केर मागच्या पुराची उंची सांगतो. तंबू त्याच्याही बराच वर, गावकऱ्याला विचारून त्याच्या शेतात. सुट्या दरडीखाली नाही. वर चढण्याची वाट उजेडीच पाहून ठेवायची. पाणी गढूळ झाले किंवा त्याचा आवाज बदलला की सामान तिथेच टाकून वर निघायचे. थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूत न्यायची नाही. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेवटचे कलम सौ.ने दोनदा वाचले आणि मग सही केली.

राहिला मासा. मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो. काठी, दोरी आणि गळ एवढेच चालते, जाळे नाही. जवळच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात शिरायचे तर वनखात्याचा परवाना निराळा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे लहान मासा फारशी इजा न होता सुटतो. त्याला हात लावण्यापूर्वी हात ओला करावा. यावर आईने स्वतःचे कलम जोडले: एका जेवणापुरते झाले की काठी गुंडाळायची, पुढे नुसत्या गंमतीसाठी त्या मुक्या जिवाला दुखवायचे नाही. चिरंजीवांनी थोडी कुरकुर केली, पण सही केली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कोणी असाच गळ घातला तर तंबूच्या दुकानात शिरण्याआधी नदीची चौकशी करा. तारीख जुळली नाही तर बेत खुशाल पुढे ढकला. नदी पुढच्या मोसमातही तिथेच असते. तिच्या काठी आपली सगळी माणसे असावीत, एवढे पाहिले म्हणजे झाले.