थर बसवणारे हात

आजऱ्यात पाऊस एकदा लागला की अंथरूण-पांघरूण वाळायचं नाव घेत नाही. त्यामुळे वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची ती चैत्र-वैशाखात. एकदा घनसाळ भाताची लावण सुरू झाली की बायकांना सुई धरायला उसंत नसते. उन्हाळ्यात मात्र ट्रंकेतली जुनी लुगडी, धोतरं, विरलेले पटके बाहेर निघतात, धुऊन कडक वाळवले जातात आणि सारवलेल्या जमिनीवर पसरले जातात.

बघणाऱ्याची नजर जाते ती वरच्या ठिगळांवर: इरकली लुगड्याचे काठ, चोळीच्या खणाचे तुकडे. खरं कसब त्याच्या खाली असतं, थर बसवण्यात. नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड; एकाच्याच घडीत दोन-तीन थर होतात. पण एका थरात जिथे विरलेला भाग आला, तिथे दुसऱ्या थराचा धड भाग यावा लागतो. जाणती बाई कापड उजेडाकडे धरून बघते, फिरवते, पुन्हा पसरते. मग तळहाताने मधून कडेकडे सपाट करत नेते. आत एक चुणी राहिली तर पुढे कित्येक वर्षं ती पाठीला जाणवते. म्हणूनच धावदोऱ्याआधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरून ठेवतात.

धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत आत सरकतो. दोघी-तिघी समोरासमोर बसतात. डावा हात वाकळीखाली असतो; सुईचं टोक बोटाला लागलं की ती वर वळवायची. सुईवर तीन-चार टाके घेऊन दोरा ओढायचा, पण बेताने. सैल राहिला तर थर सरकतात, फार ताणला तर कापड आखडतं. बरोबर ओढीने रांगांमधून बारीक लहर उठते, आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे ऊब येते.

आजऱ्याच्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी याच कुळातली. त्या ठिगळं आधी जोडून घेत नाहीत. कोपऱ्यापासून एकेक तुकडा दुमडत, टाका घालत आत येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घडीची ‘फुलं’ बसवतात.

चिंध्यांचं असंच एक काम, आकड्याने तरटावर गालिचा करण्याचं, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात आणि शेजारच्या कॅनडात एकोणिसाव्या शतकात वाढलं. तिथे ते तरटामुळे शक्य झालं. बंगालच्या तागाचं तरट पोत्यांच्या रूपाने तिकडच्या घराघरात पोचलं; त्याची वीण मोकळी, आकडा सहज आरपार जाणारी. 1868 च्या सुमारास मेनमधल्या बिडफर्डच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट यांनी पत्र्याचे साचे करून तरटावर नक्षी छापून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे तेच पोतं दुमडून शेतकऱ्याने पावसात डोक्यावर खोळ म्हणून घेतलं.

वाकळ शिवता येणारी बाई हा आकडा हातात घेते तेव्हा तिला एक सवय सोडावी लागते. वाकळीत दोरा कापडाला धरतो. इथे दोराच नाही, कापडाची पट्टीच दोऱ्याचं काम करते. पट्टी तरटाखाली धरायची, वरून आकडा घालून तिचा फास वर खेचायचा, शेजारी दुसरा. गाठ कुठेच नाही; फास एकमेकांना खेटून बसतात, तेवढ्यावर गालिचा टिकतो. खालच्या हाताला मात्र फार शिकवावं लागत नाही. न बघता काम करायची त्याला सवय असते.

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि ते फ्रान्समधल्या प्रकाशनाने काढलं. बाहेर या कामाची ओढ आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांत मात्र बरेचदा नवे, मापात कापलेले सुती तुकडे आणि आखलेली नक्षी शिकणाऱ्याच्या हाती देतात. ते सोपं पडतं, पण त्यात वाकळीतला सगळ्यात अवघड भाग गाळला जातो. शिकवायचंच असेल तर पहिला दिवस जमिनीवर, जुन्या कापडाबरोबर जायला हवा: कुठे विरलंय, कुठे दम आहे, कोणता थर आत घालायचा.

आता तर ते आणखी गरजेचं झालंय. ट्रंकेत सुती लुगड्यांऐवजी सिंथेटिक साड्या आहेत. त्या सहजी झिजत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि एकीवरून दुसरी घसरते. त्यावर तोड अशी, की मध्ये जुनी सुती चादर किंवा धोतर घालायचं, साडी फक्त वरखाली ठेवायची, आणि टाका आखूड घ्यायचा.