सायप्रसच्या खुर्चीतला सोमवार

सकाळी ६.३०

जुलैतला सोमवार आहे. युरोपीय संघाच्या २७ देशांचे परराष्ट्रमंत्री आज ब्रुसेल्सला जमणार आहेत, आणि दुपारी माझ्या वर्गातही तशीच बैठक भरणार आहे. चांदणी चौक वेळेत ओलांडला नाही तर भूगावात तास मोडतो, म्हणून लवकर निघते. विषयपत्रिका बसमध्येच वाचून काढते. पिरंगुटचा घाट उतरला की खाचरांमध्ये भाताची लावणी चाललेली दिसते. पौड रस्त्याला लागून आमचं कॉलेज आहे. तिथं मी युरोपचं राजकारण शिकवते.

९.००

पहिला तास सायप्रसचा. नकाशा लावायच्या आधी फळ्यावर दोन आकडे लिहिते: पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर, सायप्रस ९,२५१. आपल्या जिल्ह्यात मावून उरेल एवढा हा देश. त्यातही उत्तरेकडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग १९७४ पासून तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे. तिथं १९८३ मध्ये जाहीर झालेल्या ‘राज्या’ला तुर्कस्तानशिवाय कोणीही मान्यता दिलेली नाही. राजधानी निकोसियाच्या मधोमध संयुक्त राष्ट्रांची राखीव पट्टी आहे. तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख, आपले जनरल थिमय्या १९६५ मध्ये त्याच बेटावर, कामावर असताना वारले. हे सांगितलं की मागच्या बाकांवरच्या माना वर होतात.

एवढं कळल्याशिवाय सायप्रसची परराष्ट्रनीती कळत नाही. कोसोव्होला मान्यता न देणाऱ्या संघातल्या पाच देशांमध्ये सायप्रस का आहे? एकतर्फी फुटून निघणं एकदा मान्य केलं, तर स्वतःच्या उत्तरेबद्दल काय बोलणार? मुलांनी ठरावांच्या याद्या पाठ करू नयेत. त्या देशाला रात्री झोप कशामुळे लागत नाही, ते आधी शोधावं, असं मला मनापासून वाटतं.

१२.००

ब्रुसेल्समध्ये साडेआठ वाजलेत. मंत्री एकेक करून दारातल्या पत्रकारांशी बोलत आत जातात, ते आम्ही थेट प्रक्षेपणात पाहतो. मोठ्या देशाचा मंत्री जगभरच्या पाच विषयांवर बोलतो, लहान देशाचा बहुतेक वेळा एकाच विषयावर. मुलं त्या एका विषयाखाली रेघ मारतात.

२.००

मुख्य काम आता. प्रसंग सप्टेंबर २०२०चा. ९ ऑगस्टला बेलारूसमध्ये निवडणूक झाली, अध्यक्ष लुकाशेन्को जिंकल्याचं जाहीर झालं, राजधानी मिन्स्कमध्ये लोक रस्त्यावर आले, मारहाण झाली, धरपकड झाली. दोषींवर निर्बंध घालायला सत्तावीसही देशांची तत्त्वतः संमती होती. त्याच वेळी तुर्कस्तानची जहाजं सायप्रस आपला म्हणतो त्या समुद्रात वायूसाठी खोदकाम करत होती. सायप्रस म्हणाला, बेलारूसवर निर्बंध घालायचे तर तुर्कस्तानवरही घाला.

परराष्ट्र धोरणात संघाचे निर्णय एकमताने होतात. मसुदा सगळ्यांना पाठवायचा, मुदत द्यायची, आणि त्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर धरायचा, अशी मौनाची पद्धतही तिथं सर्रास वापरतात. मी वर्गात तीच लावते. मसुदा दोन वाजता गटांच्या फोनवर जातो, मुदत पावणेतीनची.

लिथुआनियाच्या गटाने तयारी उत्तम केली आहे. तोही लहानच देश. बेलारूसच्या शेजारचा. त्याने लाटव्हिया आणि एस्टोनियाबरोबर ३१ ऑगस्टलाच स्वतःचे निर्बंध जाहीर केले होते, विरोधी पक्षाच्या स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना आसरा दिला होता. या गटातली मुलगी सायप्रसच्या बाकाशी जाऊन विचारते, “मिन्स्कमध्ये मार खाणाऱ्यांनी तुमच्या समुद्राची वाट का पाहायची?”

सायप्रसच्या खुर्चीत मुळशीतलाच एक मुलगा आहे. तो बराच वेळ बोलत नाही. मुदतीला थोडी मिनिटं उरली असताना तो हात वर करतो. हरकत. वर्गात गलका होतो.

प्रत्यक्षातही २१ सप्टेंबरला असंच झालं. तिखानोव्स्काया त्या दिवशी ब्रुसेल्समध्ये मंत्र्यांना भेटल्या, तरीही निर्बंध अडले. १ ऑक्टोबरला सदस्य देशांचे नेते बसले, तुर्कस्तानला कडक शब्दांत इशारा देणारा मजकूर ठरला, आणि २ तारखेला बेलारूसच्या ४० जणांवर निर्बंध लागले. सायप्रसने सगळ्यांना ओलीस धरलं, अशी टीका तेव्हा झाली. मला ती अर्धवट वाटते. ज्याच्याकडे मोठं सैन्य नाही, मोठी बाजारपेठ नाही, त्याच्याकडे संमती हीच एक ताकद असते. पण लिथुआनियाच्या त्या मुलीचा प्रश्न मी खोडून काढू शकत नाही. विलंबाची किंमत निकोसियाने मोजली नाही, ती मिन्स्कच्या लोकांनी मोजली.

४.००

चहाला सायप्रसवाला मुलगा शेजारी येऊन बसतो. “मॅडम, आमच्या खोऱ्याला कोणी विचारलं होतं?” त्याचं घराणं मुळशी धरणाकाठचं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांचं धरण आलं. १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी तो लढवला. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्या पुण्याच्या सावकारांपैकी अनेकांनी मोबदल्यावर तडजोड केली, आणि कसणारे मावळे लढत राहिले. त्यांच्या हातात हरकतीचा कागदच नव्हता. सायप्रसच्या हातात तो आहे. हा फरक त्याने स्वतःच मांडला, आणि मी त्याला तो टिपणात लिहायला सांगितला.

५.३०

दुसऱ्या गटाशी वाद. एकमत काढून विशेष बहुमत आणावं का? म्हणजे २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. २०२३ च्या मे महिन्यात नऊ देशांनी त्या दिशेने मित्रगट काढला, त्यात लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनियाही आहेत. म्हणजे लहान देश सगळे एका बाजूला, असं नाही. दहा लाखांहूनही कमी वस्तीच्या सायप्रसला ६५ टक्क्यांच्या हिशेबात जागा किती, हे मुलांनी गणकयंत्रावर काढलं आणि वाद एकदम गंभीर झाला.

रात्री ९.००

घरी. सायप्रसवाल्या मुलाचा ईमेल आला आहे. २००८ मध्ये कोसोव्होला संघाची कायदा-सुव्यवस्था मोहीम पाठवायची होती, तेव्हा सायप्रसने हरकत घेतली नाही. तटस्थ राहण्याची अधिकृत तरतूद वापरली: निर्णय संघाचा म्हणून मान्य, पण तो राबवायची सक्ती आमच्यावर नाही. त्याचा प्रश्न असा, की २०२०लाही हाच मार्ग का घेतला नाही?

मी उत्तर लिहिते: कायद्याने घेता आला असता. पण २००८ मध्ये सायप्रसला फक्त स्वतःचे हात बाजूला ठेवायचे होते. २०२० मध्ये त्याला इतर सव्वीस जणांकडून काहीतरी मिळवायचं होतं, आणि तटस्थ राहून ते मिळालं नसतं. १ ऑक्टोबरचा मजकूर सोबत जोडते. तुर्कस्तानबद्दलचा परिच्छेद वाच, आणि त्यातलं नेमकं काय सायप्रसच्या पदरात पडलं, ते उद्या वर्गात लिथुआनियाला सांग.