आकाशातील पक्षी आणि विमानांची सुरक्षितता

भोपाळचा मोठा तलाव आणि तेथील विमानतळ ही दोन्ही राजा भोजाचे नाव धारण करतात. अकराव्या शतकात या राजाने तलाव बांधविला, असे परंपरा सांगते. बैरागढच्या बाजूने पाहिल्यास दोहोंमध्ये अवघ्या काही किलोमीटरांचे अंतर आहे. भोज पाणथळ क्षेत्राचा 2002 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांत समावेश झाला असून हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात. पक्षी आणि विमाने यांच्या या शेजारातून उद्भवणारा धोका नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एवढ्याशा पाखराने अजस्र विमानाचे काय बिघडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर वेगात आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी 288 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर 1 किलो वजनाचा पक्षी आदळल्यास, 10 किलोचे वजन सुमारे 32 मीटर उंचीवरून कोसळावे इतकी ऊर्जा त्या आघातात असते. जेट इंजिन समोरची हवा वेगाने आत ओढते. तिच्याबरोबर पक्षी आत गेल्यास पाती वाकतात, तुटतात आणि प्रसंगी इंजिन बंद पडते. असे बहुसंख्य अपघात उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी घडतात. त्या वेळी उंची कमी असल्याने वैमानिकास सावरण्यास फारच थोडा अवधी मिळतो.

दिनांक 4 ऑक्टोबर 1960 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे साळुंकीवर्गीय पक्ष्यांच्या थव्यात सापडून विमान कोसळले व 62 जण मृत्युमुखी पडले. जानेवारी 2009 मध्ये न्यूयॉर्कजवळ रानहंसांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झाली; विमान हडसन नदीत उतरविल्याने सर्व 155 जण बचावले. आपल्याकडे जून 2022 मध्ये पाटण्याहून निघालेल्या विमानाच्या एका इंजिनाने पक्ष्याच्या धडकेमुळे पेट घेतला. वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरविले. मे 2024 मध्ये मुंबईत घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीन डझनांहून अधिक रोहित पक्षी प्राणास मुकले. या प्रसंगी विमान सुरक्षित उतरले. हानी झाली ती पक्ष्यांची.

म्हणून तलावावरील पक्षी हुसकावणे हा यावरील उपाय नव्हे. पाणथळ क्षेत्राचे रक्षण हे आपले कर्तव्यच आहे. खरी काळजी आहे ती उघड्यावरील कचऱ्याची आणि मांसाच्या टाकाऊ भागांची. त्यांच्या दर्शनाने घारी, गिधाडे, कावळे ओढले जातात व धावपट्टीलगतच्या आकाशात घिरट्या घालू लागतात. याच कारणास्तव 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिसरात, पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने जनावरे कापणे, सोलणे वा घाणकचरा टाकणे यांस मनाई केली आहे.

विमानतळांवर गवताची उंची नियंत्रित ठेवणे, साचलेले पाणी काढून टाकणे, कीटकांचा बंदोबस्त करणे, मोठे आवाज करून थवे उठविणे असे उपाय योजले जातात. तथापि विमानतळाच्या कुंपणापलीकडील मैलोगणती प्रदेशावर कर्मचाऱ्यांची नजर पुरणार नाही. तेथे गृहिणी, हॉटेलचालक, खाटीक व्यावसायिक आणि स्थानिक संस्था यांचेच सहकार्य हवे. झाकलेली कचराकुंडी आणि वेळेवर उचललेला कचरा यांमुळे विमानातील प्रवाशांचे प्राण वाचतात आणि आकाशातील पाखरांचेही, ही जाणीव प्रत्येक नागरिकाने बाळगावी.